आमची गाडी बसते

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. घरात एक बिघडलेली वस्तू ठेवायची आणि दार उघडं ठेवायचं, बस्स. लाखांदूरसारख्या गावात तर दाराचीही गरज नसते, वस्तू अंगणात असली की पुरते. आमच्या अंगणात एक सेकंडहँड एसयूव्ही होती. तिच्यापायी इतके किस्से साचले की आता मी कोणाच्या लग्नात गेले तरी लोक आधी गाडीचं विचारतात, मग माझं.

गाडी का घेतली ते आधी सांगते. नाहीतर तुम्हीही म्हणाल, खत-बियाण्याच्या दुकानवाल्याले एवढी मोठी गाडी कायले पाहिजे! आमची गुड्डी, वय चार, अंगणात उभ्या असलेल्या ट्रॉलीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीपासून थेट पायापर्यंत प्लास्टर घातलं. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, नुसतं आडवं. घरी न्या म्हणाले, मधून मधून तपासायला आणा, आणि रस्त्यात धक्के बसू देऊ नका. हे शेवटचं ते इतक्या सहज बोलले की मी समजले, यांनी आमच्याकडचा रस्ता पाहिलेला नाही.

भाड्याच्या गाडीतून घरी आणताना ती प्रत्येक खड्ड्याला किंचाळली. माझा नवरा निलेश ड्रायव्हरशेजारी बसून होता. पुढच्या तपासणीच्या आधी तो आपली छोटी गाडी देऊन ही जुनी, मोठी घेऊन आला. मागच्या सीटा पाडल्या की गादी बरोबर मावते. आणि हिला लोखंडी स्प्रिंग नाहीत. प्रत्येक चाकावर रबराचा एक जाड फुगा, त्यात हवा, आणि ती भरायला गाडीतच छोटा कॉम्प्रेसर. याला एअर सस्पेन्शन म्हणतात. पहिल्याच फेरीत गुड्डी नागपूरपर्यंत झोपून गेली. मी जागी होते. एवढं चांगलं आपल्या नशिबी कसं, याची मला काळजी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा पुढचा उजवा कोपरा खाली बसलेला होता.

*

निलेशला वाटलं पंक्चर. टायर ठणठणीत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात दात घासत होते. त्यांनी जन्मभर बैलबाजार पाहिलेत. आजही कोणाला जोडी घ्यायची असली की मामाजींना सोबत नेतात. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, चूळ भरली आणि निलेशला म्हणाले, "त्यानं तुले चालवून दाखवली. रातभर बांधून ठेवून दाखवली का?"

"बाबा, गाडी आहे ती."

"बसका बैलबी बाजारात उभाच रायते. घरी आनला का बसते."

निलेशनं चिडून गाडी चालू केली. कॉम्प्रेसर घुर्र करायला लागला आणि तो कोपरा हळूहळू वर आला. गल्लीतली चार माणसं बघायला जमली होती, त्यातल्या एका आजीनं तर हात जोडले. मामाजींनी समाधानानं मान डोलावली.

"पाह्य. शेपटी पिरगाळली का उठते."

*

मग रोज सकाळी गाडी किती बसली हे मोजायचं ठरलं. मामाजी जमिनीपासून गाडीपर्यंत वितीनं मोजत. निलेशही वितीनंच मोजे, पण त्याची वीत मोठी. त्यामुळे बापाच्या हिशेबानं गाडी बरी होत होती आणि लेकाच्या हिशेबानं बिघडत होती.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स. लग्नानंतर त्याचा उपयोग मिक्सरचा फ्यूज बदलण्यापुरताच झालेला. तरी मी म्हटलं, आपलं अंगण उंचसखल आहे, जमिनीपासून मोजून काही कळणार नाही. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, चारही चाकांना. आणि शिलाई मशीनची टेप घेऊन मी स्वतःच उकिडवी बसले. तीन चाकं सारखी निघाली, एकच बसत होतं. म्हणजे दोष त्या एका कोपऱ्यात. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला. आता अभिमान वाटला म्हणजे काहीतरी चुकलं असणार म्हणून मी परत मोजायला लागले.

तेवढ्यात शेजारचे गुरुजी फाटकाशी थांबले. काय चाललंय म्हणून त्यांनी मामाजींना विचारलं.

मामाजी म्हणाले, "काई नाई जी. सून गाडीले झंपर शिवून राहिली."

*

साकोलीला हायवेवर दिनूभाऊंचं गॅरेज आहे. दिनूभाऊ पंचक्रोशीतल्या गाड्यांचे डॉक्टर, आणि हे त्यांचं स्वतःचंच मत. त्यांनी स्कॅनर लावला, बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. मग म्हणाले, वहिनी, ही साहेब लोकांची नाटकं आहेत. फुगे काढून फेकू, लोखंडी स्प्रिंग टाकून देतो, नातवंडांपर्यंत बसणार नाही.

निलेशची मान होकारार्थी हलायला लागली होती. मी नाही म्हटलं. कोणाला नाही म्हणताना माझा आवाज कापतो, त्यामुळे मी म्हटलेलं 'नाही' बरेचदा कोणाला ऐकूच जात नाही. म्हणून मी दुसरं विचारलं. "दिनूभाऊ, ती बाहेर जीप तुमचीच ना? तिला स्प्रिंगच आहेत ना?"

"अस्सल."

"मग मागे झोपा."

त्यांना थट्टा वाटली. मी आमच्या गाडीतली गुड्डीची गादी काढून जीपमध्ये अंथरली. दिनूभाऊंना उताणं झोपवलं, पाय सरळ करायला लावले आणि बजावलं, गुड्डीला हलता येत नाही, तुम्हीही हलायचं नाही. निलेशनं जीप सानगडीच्या रस्त्याला घातली. पहिल्या स्पीडब्रेकरला मागून "अरे बापा" आलं. दुसऱ्याला नुसताच बापा. त्यानंतर बराच वेळ काही आवाज नाही. मला भीती वाटायला लागली तेव्हा मागून अगदी बारीक आवाज आला.

"वहिनी, वापस घ्या. हवाच ठेवू."

आता कोणी एअर सस्पेन्शन काढायचं म्हटलं की दिनूभाऊ त्याला ओरडतात. म्हणतात, मले नको शिकवू, मी स्वतः पेशंट होतो.

*

प्लास्टर काढायची तारीख जवळ आली. त्या दिवशी गुड्डीला नागपूरला न्यायचंच होतं, आणि माझ्या मनात एकच चित्र यायचं: गाडी भर रस्त्यात बसली, फुग्यात हवा नाही, आणि पुढचा प्रत्येक धक्का सरळ तिच्या हाडात.

त्यातच एका सकाळी गाडी पुढून दोन्ही बाजूंनी धाडकन बसली. डावा कोपरा आजवर शहाण्यासारखा होता, तोही गेला. दिनूभाऊंनी फोनवरच सांगून टाकलं, दुसरा फुगाही गेला, आता एकेक करत चारही जातील.

निलेश डोकं धरून बसला. मी मात्र अंगणातल्या सागाच्या दोन ओंडक्यांकडे बघत होते. ते आदल्या संध्याकाळी तिथे नव्हते. विचारलं तेव्हा कळलं, मामाजींनी रात्री गाडी बसू नये म्हणून जॅकनं पुढचा भाग उचलून दोन्हीकडे टेकू दिला होता. बैल सोडले की बैलगाडीच्या जुवाखाली देतात तसा. एका बाजूला दिला तर दुसरीवर भार येईल म्हणून दोन्हीकडे, आणि बसू नये म्हणून जरा जास्तच उंच. सकाळी त्यांनीच ते ओढून काढले होते.

ही गाडी बंद असली तरी तिचा मेंदू अधूनमधून जागा होऊन उंची बघतो. पुढून आपण फारच उंच झालो असं त्याला दिसलं, म्हणून त्यानं दोन्ही चांगल्या-वाईट फुग्यांतली हवा सोडून दिली. टेकू काढले, गाडी पडली. मी खात्रीसाठी एक रात्र टेकूशिवाय ठेवायला लावली. सकाळी डावी बाजू ताठ, नुसती उजवी बसलेली. फुगा एकच खराब होता!

आता हे मामाजींना सांगणार कोण? निलेश अचानक दुकानात गेला. मी स्वयंपाकघरात दोनदा वाक्य म्हणून बघितलं आणि बाहेर येऊन सांगून टाकलं.

मामाजींनी आधी ओंडक्यांकडे पाहिलं, मग गाडीकडे. "म्हंजे टेकू देल्ला म्हनून पडली?"

"हो, मामाजी."

"हाय," ते म्हणाले. "आपल्या खानदानातबी हायत असे दोन-चार."

*

फुगा एकच खराब, पण त्यातून हवा नेमकी कुठून जाते ते सापडत नव्हतं. आणि पक्कं झाल्याशिवाय नवा फुगा मागवायची माझी हिंमत नव्हती. दिनूभाऊ साबणाचं पाणी मारून गेले होते, एक बुडबुडा आला नाही. ते म्हणाले, फुगा बरा आहे, हवा वाटणारा वॉल्व्हचा डबा गेला.

दुपारी गुड्डी ओसरीवरच्या खाटेवर पडल्या पडल्या साबणाचे फुगे उडवत होती. तेवढाच खेळ तिला जमत होता. मी बघत बसले आणि मला एक गोष्ट सुचली. दिनूभाऊंनी पाणी मारलं तेव्हा गाडी बसलेली होती. बसली की रबराला घडी पडते. घडीत चीर असेल तर ती दबून बंद होते, वर उठली की उघडते. म्हणजे आम्ही रोगी झोपल्यावर त्याचा खोकला शोधत होतो.

सुचल्याबरोबर मला वाटलं, इतकं सोपं असतं तर दिनूभाऊंना सुचलं नसतं का. तरी त्यांना बोलावून घेतलं. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर उचलायला लावली. दिनूभाऊंनी गाडीला न टेकवता तिच्याखाली लोखंडी स्टँड ठेवले, कारण अशी गाडी हातावर बसली तर हात राहत नाही. चाक पूर्ण वळवलं. मी गुड्डीची बाटली घेऊन फुग्याच्या खालच्या घडीवर ते पाणी ओतलं. आधी काही नाही. मग घडीच्या टोकाशी एक पांढरा ठिपका आला, वाटाण्याएवढा झाला, लिंबाएवढा झाला.

मी ओरडले वगैरे नाही. पुसलं, परत ओतलं. परत आला. तेव्हा कुठे दिनूभाऊंना बघायला सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ झाले, हात पुसले.

"मी म्हटलंच होतं, फुगा आहे."

निलेशनं विचारलं, कधी म्हटलं होतं?

"मनात."

*

नवा फुगा कुरिअरनं आला तो नागपूरला जायच्या आदल्या दिवशी. दिनूभाऊंनी आमच्या अंगणातच बसवला, कॉम्प्रेसरला वीज जोडणारा जुना रिलेही बदलला, आणि निलेशनं गाडी चालू केली. कॉम्प्रेसर घुरघुरला, कोपरा वर यायला लागला आणि अर्ध्यात आवाज बंद. गाडी तिरपी उभी राहिली.

निलेशनं परत चालू केली, परत केली, परत केली. काही नाही. दिनूभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, कॉम्प्रेसर जळला. अँब्युलन्स मिळेल का, असं निलेशनं मला विचारलं. आतून गुड्डी विचारत होती, उद्या माझं प्लास्टर निघते ना?

इथे खरं तर मी घाबरायला पाहिजे होतं. घाबरण्याचा मला चांगला सराव आहे. पण गेले काही दिवस मी मोबाइलवर जगभरातल्या बसक्या गाडीवाल्यांची रडगाणी वाचत होते, आणि एक गोष्ट त्यात परत परत यायची. कॉम्प्रेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. आमचा तर आज रिकामा फुगा भरत होता, तोही उन्हात. मी म्हटलं, चावी काढा. कोणी हात लावायचा नाही. थंड होऊ द्या.

मामाजी ओलं पोतं घेऊन आले. पाणी नको, मी म्हटलं. मग ते विंझणा घेऊन आले आणि बंपरसमोर उकिडवे बसून वारा घालायला लागले. त्यानं काही होणार नव्हतं, पण दिवसभरात त्यांना एकदा नाही म्हणून माझं झालं होतं. आम्ही चहा घेतला. दिनूभाऊंनी दुसरा मागितला. मग मी निलेशला म्हटलं, लाव आता.

घुर्र. कोपरा उठत उठत गेला आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येऊन थांबला. मी टेप लावली. चारही सारखे.

मामाजी अजून वारा घालतच होते. दिनूभाऊ म्हणाले, "काकाजी, उठली ना ती."

"दिसलं मले," मामाजी म्हणाले. "आता मले उठवा."

*

सकाळीही टेपनं तेच सांगितलं. गाडी जागची हलली नव्हती. नागपूरपर्यंत गुड्डीनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, येताना त्रास झाला का? निलेश आणि मी एकदमच सुरू झालो. फुगा, घडी, रिले, कॉम्प्रेसरचं तापमान, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मी पेशंटचं विचारत होतो."

*

प्लास्टर निघालं, मग व्यायाम झाले, मग भिंत धरून चालणं झालं. गाडी त्यानंतर एकदाही बसली नाही. पाऊस संपता संपता शेवटच्या तपासणीला गेलो, तेव्हा मामाजीही सोबत आले. डॉक्टरांनी एक्सरे बघितला आणि म्हणाले, हाड पक्कं जुळलंय, आता पळू द्या, उड्या मारू द्या.

मी विचारलं, जिना? चालेल. सायकल? चालेल. झोपाळा? डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चालेल.

गुड्डीनं विचारलं, "एसटी?"

"चालते," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर ती गाडीत बसेना. उचललं तर ताठ झाली. गल्लीतली सगळी पोरं एसटीनं मामाच्या गावाला जाऊन आली होती, ही एकटीच गादीवर. शेवटी निलेश म्हणाला, तुम्ही दोघी एसटीनं चला, मी मागून येतो. मामाजींनी आमच्याकडे एकदा पाहिलं, गाडीत मागे चढले आणि गादीवर आडवे झाले.

बस भरलेली. जागा मिळाली ती एकदम मागच्या सीटवर. मी कंडक्टरला पुढची मागितली, मुलीच्या पायाचं सांगितलं. ते म्हणाले, बाई, मले बी पायच हायत, मी उभा आहो.

उमरेड सोडलं आणि पहिला खड्डा आला. आम्ही दोघी सीटवरून उडालो आणि परत आपटलो. मी दोन्ही हातांनी तिची मांडी धरली. तिचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, श्वास अडकलेला. रडायच्या आधी होतं अगदी तसं. बस थांबवा म्हणून ओरडायला मी उठले, आणि ती हसली. इतक्या जोरात की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. दुसऱ्या खड्ड्याला तिनं माझे हात काढून टाकले. तिसऱ्याला दोन्ही हात वर केले.

मोबाइल वाजला. मागून निलेश विचारत होता, बस लय आपटून राहिली, गुड्डी कशी आहे? मी उत्तर देणार तेवढ्यात आम्ही परत हवेत होतो. खिडकीतून मागे पाहिलं, तर आमची गाडी त्याच खड्ड्यातून अलगद, पाण्यावरून यावी तशी येत होती. निलेश म्हणाला, बाबा घोरून राहिले.

भिवापूरच्या पुढे रस्त्यात एक मोठाच खड्डा होता, पाणी भरलेला. ड्रायव्हरनं फार कौशल्यानं बस बाजूनं काढली, एक धक्का बसू दिला नाही. मला बरं वाटलं. गुड्डीचा चेहरा मात्र उतरला. ती मागच्या काचेतून त्या खड्ड्याकडे बघत राहिली, मग तिनं माझी बाही ओढली.

"आई, ड्रायव्हर काकाले सांग ना. तो मोठावाला राहूनच गेला."